सुतक नसलेला शोक

प्रश्न : माझे माहेर वेंगुर्ल्याजवळचे. लग्नापूर्वी गावातील एका तरुणावर माझे प्रेम होते. जात वेगळी म्हणून घरच्यांनी नकार दिला आणि वर्षभरात माझे लग्न होऊन मी डोंबिवलीला आले. त्याला ३६ वर्षे झाली. संसार सुखाचा आहे, पती समंजस आहेत. गेल्या वर्षी ते गृहस्थ वारल्याचे भाचीने फोनवर बोलता बोलता सांगितले. यंदा फाल्गुनात तिने पाठवलेला सुरंगीच्या सुवासिक फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा, हातात घेतला आणि मला रडू आवरेना. ही पतीशी प्रतारणा आहे का? त्यांना हे सांगावे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, प्रतारणा हा शब्द आधी बाजूला ठेवा. तुमचे पत्र मी शोकाचे पत्र म्हणून वाचले.

आपल्याकडे माणूस गेल्यावर सुतक कोणाला आणि किती दिवस, हे नात्यावरून ठरते; ज्यांना सुतक असते त्यांना भेटायला लोक जातात, आग्रहाने दोन घास खाऊ घालतात, त्यांच्या रडण्याला जागा असते. तुम्हाला सुतक नव्हते, त्यामुळे फोन ठेवून तुम्ही मुकाट्याने स्वयंपाकाला लागला असाल. समाज ज्याची दखल घेत नाही अशा दुःखावर केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकांनी १९८९ मध्ये ग्रंथ सिद्ध केला. पूर्वीच्या प्रेमाच्या माणसाचे जाणेही त्यातच मोडते.

वळेसरामुळे सारे उफाळून आले यात नवल नाही. इतर संवेदना मेंदूत बऱ्याच वळणाने जातात, गंधाची वाट मात्र भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांपर्यंत जवळजवळ थेट पोहोचते. शिवाय तरुणपणीच्या आठवणी उतारवयात इतर काळापेक्षा अधिक ठळक राहतात, असे स्मृतीच्या अभ्यासांत वारंवार आढळले आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगते. तुमच्या आठवणीतला तो तरुण कधी आजारी पडला नाही, कधी पैशांसाठी चिंतेत बसला नाही, कधी तुमच्यावर चिडला नाही. ३६ वर्षे रोज सोबत असलेल्या माणसाशी त्याची तुलना करू नका. तो पतीवर अन्याय होईल आणि गेलेल्या माणसावरही, कारण त्यांचे पुढचे सारे आयुष्य तुम्ही पाहिलेलेच नाही.

केवळ आपल्या मनावरचा भार उतरावा म्हणून पतीला सांगू नये, असे माझे मत आहे, कारण तो भार मग त्यांना वाहावा लागतो. डोळे का भरले, असे त्यांनी विचारले तर मात्र खोटे बोलू नका. ‘माहेरचे एक माणूस गेले, मला फार जवळचे होते,’ एवढे खरे आहे आणि समंजस माणसाला ते पुरते.

महालयाच्या तर्पणात रक्ताच्या नात्यांबरोबर गुरू, शिष्य आणि सखा यांनाही स्थान आहे. मित्रासाठी पाणी सोडण्याची सोय परंपरेनेच करून ठेवली आहे. येत्या भाद्रपदात, त्या पंधरवड्यातील एखाद्या सकाळी, तुळशीला पाणी घालताना मनात त्यांचे नाव घ्या आणि तो वाळलेला वळेसर तिथल्याच मातीत ठेवा.