एकाच वेळी चार दालनं, बसू कुठे?

प्रश्न : बाई, सादर नमस्कार. मी इंदूरला एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पोटॅशियम चॅनलमधून, म्हणजे पेशीपटलातल्या प्रथिनाच्या बारीक वाटेतून, आयन (विद्युतभारित अणू) कसे सरकतात, याचं संगणकावर सिम्युलेशन करते. बायोफिजिक्सच्या एका परिषदेत माझं पोस्टर लागणार आहे. तिथे दुपारी एकाच वेळी चार परिसंवाद आहेत : आयन चॅनल, क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी, एकेका रेणूवरचे प्रयोग आणि पेशीपटल. बाबा म्हणतात, एवढं भाडं भरून जातेस तर सगळीकडचं थोडं थोडं ऐकून ये. काय करू?
– म., सुदामानगर, इंदूर

उत्तर : म., आधी मनापासून अभिनंदन. बाबांचा जीव तुटतो ते मला कळतं, पण या बाबतीत त्यांचं ऐकू नकोस. आयन चॅनलच्या दालनात पहिल्या भाषणाला बस आणि शेवटचा प्रश्न संपल्यावरच ऊठ.

माझ्या पहिल्या परिषदेत मी तीन दालनांत पळत होते. वहीत नुसते मथळे उतरले. त्या काळी मी डेकेन या तेलकट द्रवात विरघळवलेल्या लिपिडचं, म्हणजे पेशीपटलातल्या मेदाचं, पटल बनवायची आणि मोजमापं काही केल्या जुळायची नाहीत. डेकेन पटलातच राहून त्याची जाडी वाढवतं, हा मुद्दा एका वयस्कर प्राध्यापकांनी प्रश्नोत्तरांत काढला होता. मी तेव्हा शेजारच्या दालनात होते. मला ते चार महिन्यांनी कळलं. त्या चार महिन्यांची हळहळ अजून वाटते.

तुझ्या विषयात तर खरा वाद आहे. सोडियम पोटॅशियमपेक्षा लहान, तरी चॅनल त्याला अडवतं आणि पोटॅशियमला सेकंदाला कोट्यवधींच्या संख्येनं सोडतं. पाण्याचं वेष्टण उतरवलेल्या पोटॅशियमला चॅनलच्या सर्वांत अरुंद भागातले, म्हणजे गाळणीतले, ऑक्सिजन अगदी मापात धरतात. सोडियमला ती पकड नीट बसत नाही. रॉडरिक मॅकिनन यांच्या गटानं १९९८ मध्ये जिवाणूच्या चॅनलची रचना दाखवली, २००३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मग सगळं मिटलं असं वाटेल, पण नाही! गाळणीत दोन आयनांच्या मधे पाण्याचा रेणू असतो, की आयन एकमेकांना थेट ढकलतात? २०१४ मध्ये सिम्युलेशनच्या आधारे थेट ढकलण्याची बाजू जोरात मांडली गेली आणि तेव्हापासून दोन्हीकडून पुरावे येताहेत. अशा परिसंवादात रचना पाहणारा, प्रवाह मोजणारा आणि तुझ्यासारखं गणित करणारा एकामागून एक बोलतात. दुसरा पहिल्याला कुठे खोडतो, ते अर्ध्यात आलेल्याला दिसत नाही.

एकेका रेणूवरच्या प्रयोगांत किनेसिनची (पेशीत ओझी वाहणाऱ्या प्रथिनाची) ८ नॅनोमीटरची पावलं मोजणारी माणसं एरवी भेटणार नाहीत, हे मान्य. त्यांना पोस्टरच्या वेळात गाठ. तिथे ती निवांत बोलतात, आपल्यासारख्या नवख्या मुलींशीही.

निघण्याआधी एक कर. राजेंद्रनगरच्या पुढे आपलं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. तिथल्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉन गोल फिरवून तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) प्रथिनांच्या स्फटिकांसाठी वेगळी बीमलाइन, म्हणजे क्ष-किरणांची वाट, आहे. तुझ्या मार्गदर्शकांना रीतसर परवानगी काढायला सांग आणि पाहून ये. संगणकावर तू ज्या रचनेपासून सुरुवात करतेस, तशा रचना क्ष-किरणांच्या ठिपक्यांतून कशा उभ्या राहतात ते डोळ्यांनी पाहिलंस, तर परिषदेतलं पहिलं भाषण परकं वाटणार नाही.

आणि पोस्टरवर कोणतं फोर्स फील्ड (अणूंमधल्या बलांची गणिती सूत्रं) वापरलंस, व्होल्टेज किती दिलंस, ते वरच्या भागात मोठ्या अक्षरात लिही. गाळणीत पाणी आहे की नाही, याचं उत्तर त्यावर हलतं. तुला पहिला प्रश्न तोच येईल.