चाळीस यार्डांची धाव आणि राहिलेले दोन विषय

ताई, सप्रेम नमस्कार.

न्यू जर्सीहून पाठवलेलं तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलगा एका लहान कॉलेजकडून अमेरिकन फुटबॉल खेळतो, लाइनबॅकर (बचावफळीतल्या दुसऱ्या रांगेतला खेळाडू) आहे, उंची सहा फूट, वजन २२८ पौंड. एनएफएलच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगच्या, कम्बाइनचं (निवडक मुलांच्या सामाईक चाचणी शिबिराचं) बोलावणं आलं नाही, त्यामुळे सगळी भिस्त मार्चमधल्या प्रो डेवर, म्हणजे संघांच्या माणसांसमोर कॉलेजात होणाऱ्या चाचणीवर. त्यासाठी शेवटचं सत्र सोडून फ्लोरिडात आठ आठवडे ट्रेनिंग घ्यायचं म्हणतो. चाळीस यार्डांना त्याला ४.७८ सेकंद लागतात, ते ४.६० वर आणले की काम झालं, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलंय. वडील ठाम विरोधात, आणि तुम्ही मधल्यामध्ये. "एवढ्याशा धावण्यावर पोराची चार वर्षं ठरतात का हो?" असं तुम्ही विचारलंय.

निवड त्यावर होत नाही. पण नाव यादीतून गळू शकतं, आणि लहान कॉलेजच्या मुलाचं तर लवकर गळतं. म्हणून त्याची धडपड मला वेडेपणाची वाटत नाही. सत्र सोडणं मात्र मला पटत नाही.

आपल्याकडच्या पोलीस भरतीची मैदानी तुम्हाला माहीत असेल. धावलात, गोळा फेकलात की ठरलेले गुण तुमच्या खात्यावर पडतात. एनएफएलच्या चाचण्यांचं तसं नाही. ४० यार्डांची धाव, २२५ पौंडांचा बेंच प्रेस जमेल तितक्या वेळा, उभी उडी, लांब उडी, थ्री-कोन आणि शटल (दोन्ही झटपट वळण्याच्या धावा) या सगळ्यांचे आकडे ३२ही संघांकडे जातात आणि प्रत्येक संघ त्यांचा आपापला अर्थ लावतो. इंडियानापोलिसच्या कम्बाइनला जेमतेम सव्वातीनशे मुलांना बोलावतात. ड्राफ्टच्या, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्याच्या, सात फेऱ्यांत निवडी होतात अडीचशेच्या आसपास. कॉलेजच्या पात्र खेळाडूंपैकी शंभरातले दोनही तिथवर पोचत नाहीत. हा आकडा त्याच्या वडिलांनाही दाखवा आणि त्यालाही.

आता लाइनबॅकरचं काम बघा. समोरचा धावत येणार की पास टाकणार, हे त्याला क्षणात ओळखायचं असतं. कबड्डीत कोपऱ्यावरचा खेळाडू चढाई करणाऱ्याच्या पायांवर नजर ठेवून असतो ना, तसंच. आधी वाचायचं, मग झेपावायचं. सरळ रेषेत चाळीस यार्ड सुसाट पळायची वेळ त्याच्यावर सामन्यात क्वचितच येते. त्याला पाच-दहा यार्ड झटकन गाठायचे असतात, मधेच वळायचं असतं. म्हणूनच जाणकार स्काउट (संघांसाठी खेळाडू हेरणारे) पहिल्या दहा यार्डांची वेळ वेगळी काढून बघतात. थ्री-कोन आणि शटलमध्ये मुलगा वळताना किती ढळतो, तेही बघतात. तुमच्या मुलाच्या पत्रकात या तिन्हींचा उल्लेखच नाही, फक्त ४.७८ आहे. माझ्या मते खरी उणीव तिथे आहे.

आकड्यांनी फसगत झाल्याची उदाहरणं याच जागेवर खूप आहेत. व्हर्नन गोल्स्टनने २००८ मध्ये २२५ पौंड ३७ वेळा उचलले. न्यूयॉर्क जेट्स संघाने त्याला ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर घेतलं, आणि तीन हंगामांत त्याच्या नावावर एकही सॅक (पास टाकणाऱ्याला पास सुटण्याआधीच पाडणं) लागला नाही. आयझेया सिमन्स २०२० मध्ये ४.३९ सेकंदांत पळाला, आठव्या क्रमांकावर गेला. तीनच वर्षांनी त्याच्या ॲरिझोना संघाने सातव्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात त्याला न्यूयॉर्क जायंट्स संघाकडे दिलं. उलट फ्रेड वॉर्नरची वेळ होती ४.६४, तो २०१८ मध्ये तिसऱ्या फेरीत, सत्तराव्या क्रमांकावर गेला, आणि आज या जागेवरच्या अव्वल खेळाडूंत गणला जातो. झॅक थॉमस पाच फूट अकरा इंचांचा. १९९६ मध्ये १५४ व्या क्रमांकापर्यंत त्याला कुणी हात लावला नाही. २०२३ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला.

पण दुसरी बाजूही तुम्हाला सांगायला हवी. शकीम ग्रिफिनच्या डाव्या हाताचा पंजा लहानपणीच कापावा लागला होता. २०१८ च्या कम्बाइनला तो ४.३८ मध्ये पळाला आणि पाचव्या फेरीत निवडला गेला. त्या धावेने लोकांना त्याचे सामने पुन्हा काढून बघायला लावले. तुमच्या मुलाला चाचणीकडून एवढंच हवंय: कुणीतरी त्याचा व्हिडिओ उघडावा. बॉबी वॅग्नर २०१२ मध्ये न्यूमोनियामुळे कम्बाइनला जाऊच शकला नव्हता. तोही युटा स्टेटसारख्या कमी गाजलेल्या कॉलेजचा. प्रो डेला त्याने आपला वेग दाखवला आणि दुसऱ्या फेरीत गेला. तेव्हा बोलावणं आलं नाही म्हणून दार बंद झालं, असं धरू नका.

आता करायचं काय? पहिलं म्हणजे त्याची वेळ इलेक्ट्रॉनिक घड्याळावर पुन्हा घ्या. हातातल्या स्टॉपवॉचवर वेळ नेहमी थोडी कमी दिसते, आणि ४.७८ हातघड्याळाची असेल तर खरी परिस्थिती आत्ताच कळलेली बरी. पदवीचे दोनच विषय राहिलेत असं तुम्ही लिहिलंय. ते ऑनलाइन घेता येतील का, हे त्याने या आठवड्यात कॉलेजच्या सल्लागाराला विचारावं. ट्रेनिंग कॉलेजच्याच स्ट्रेंग्थ कोचकडे करावं, दहा यार्ड आणि वळण यांवर भर देऊन. फ्लोरिडाच्या फीसाठी घरावर कर्ज काढायचा विचार कृपा करून सोडून द्या. एजंटला मुलात खरोखर दम दिसला, तर असा खर्च बहुतेकदा तोच उचलतो. खेळाडू संघटनेकडे नोंदलेला एजंट कराराच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. आधी पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा.

मुलगा न्यू जर्सीत शिकला, वाढला, याचा त्याला फायदा आहे. संघ आपल्या परिसरातल्या मुलांना स्थानिक चाचणीला बोलावू शकतात, आणि जायंट्स व जेट्स दोघेही तुमच्याच राज्यात आहेत. त्याच्या कोचने दोन्हीकडे आत्ताच लिहावं. सोबतच्या व्हिडिओत किकऑफ आणि पंटच्या वेळी (चेंडू लाथेने दूर मारून समोरच्यांना देतात तेव्हा) त्याने केलेले टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला पकडून पाडणं, आधी असावेत. ५३ जणांच्या संघात शेवटच्या लाइनबॅकरला जागा मिळते ती याच कामावर, आणि तो याच जागेसाठी झगडणार आहे.

एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत: दोन वर्षांपूर्वीची खांद्याची शस्त्रक्रिया. ती लपवू नका. जेलन स्मिथ २०१६ मध्ये पहिल्या फेरीत वर जाईल असं सगळे धरून चालले होते. गुडघा आणि तिथली नस दुखावल्यामुळे तो ३४ व्या क्रमांकावर गेला. पण काय झालंय ते संघांना ठाऊक होतं, म्हणून डॅलसने विचार करून त्याला घेतलं. शस्त्रक्रियेचे सगळे कागद आणि एमआरआय एका फाइलमध्ये लावून ठेवा.

आणि मुदत आधीच ठरवा. ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही तर लगेच पुढचे काही दिवस न निवडलेल्यांचे करार होतात, मग नवोदितांच्या शिबिरात चाचणी देता येते, ऑगस्टअखेर संघ ५३ वर येतात. तोवर त्याला मनापासून प्रयत्न करू द्या. पण ही तारीख त्याने स्वतःच्या तोंडून सांगितलेली असावी, बाबांनी घातलेली नसावी.

प्रो डेला त्याच्या बाबांना घेऊन जा. चार वर्षांत एकदाही ते मैदानावर आले नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. त्या दिवशी त्यांनी कुंपणाशी उभं राहावं, इतकंच.