सगळे मिळून व्यायाम ठरतो, पण टिकत नाही

"आम्ही सगळे मिळून फिरायला जायचं ठरवतो आणि आठवड्याभरात बारगळतं. मुलं जागची हलत नाहीत. काय करावं?" पालकांचा हा नेहमीचा प्रश्न. बडोद्यात मांजलपूरच्या एका सोसायटीत राहणारं कुटुंबही तो घेऊन आलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडील मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) शिफ्टमध्ये, आई शिक्षिका, मुलगी १३ वर्षांची, मुलगा ८ वर्षांचा आणि सोबत गुडघे दुखणाऱ्या आजी.

त्यांचा बेत असा होता: रोज सकाळी सहाला पाचही जणांनी तासभर भरभर चालायचं. तिसऱ्या दिवशीच वडील शंभर पावलं पुढे, आजी मागे, मुलगा "अजून किती?" म्हणत कंटाळलेला आणि मुलगी घरीच. पाच जणांचा दम वेगळा, पाय वेगळे आणि सगळ्यांनी चालायचं एकाच वेगानं. त्यातून आईंकडे आपोआप मुकादमाचं काम आलं. अशी योजना मोडली की पालक मुलांना आळशी ठरवतात. हे चूक आहे. दोष आखणीत असतो.

मुलीशी स्वतंत्र बोलल्यावर खरी गाठ सापडली. "आई सगळ्यांसमोर म्हणते, चल, वजन वाढलंय तुझं." या वयात अंग भरतं, उंची वाढते, शरीर बदलतं, मुलीला स्वतःलाच त्याचा संकोच वाटत असतो. त्यात व्यायामाला बोलावणं म्हणजे शरीराबद्दलचा शेरा, असं समीकरण एकदा डोक्यात बसलं की ती बूट घालणारच नाही. म्हणून आई-बाबांना पहिलं काम दिलं ते जिभेचं. वजन, पोट, जाड हे शब्द घरातून बंद. "खेळलीस तर चॉकलेट" हेही बंद, कारण त्यानं खेळ ही शिक्षा आणि खाणं हे बक्षीस होऊन बसतं. "ऊठ, जरा हात-पाय हलव" याऐवजी वाक्य ठरलं: "साडेसातला खाली लगोरी आहे, एक भिडू कमी पडतोय." आईंना हे खूप जड गेलं. दोन आठवडे तरी जीभ चावावी लागली, असं त्या म्हणाल्या.

लगोरी सुचवली ती आजींमुळे. त्यांचं बालपण दांडिया बाजारात, जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या परिसरात गेलेलं. मैदानी खेळांची बडोद्याला जुनी सवय. कबड्डीची अखिल भारतीय स्पर्धा हिंद विजय जिमखान्यानं इथे १९२३ मध्येच भरवली होती. घरात लगोरी नीट माहीत असलेली व्यक्ती एकच, ती म्हणजे आजी. गुडघेदुखीमुळे त्यांना बाजूला बसवून ठेवायचं नव्हतं, त्यांना पंच करायचं होतं.

सामान थोडंच लागतं. सात चपटे तुकडे, सर्वांत खाली तळहाताएवढा आणि वर लहान होत जाणारे. फरशीचे तुकडे घेतले तर कडा दगडावर घासून बोथट कराव्यात. लाकडी ठोकळे जास्त बरे. चेंडू मऊ रबराचा. क्रिकेटच्या जड टेनिस चेंडूनं चश्मा फुटतो आणि खेळ तिथेच संपतो. नेम धरायची रेघ मोठ्यांसाठी पाच-सहा पावलांवर, मुलासाठी तीन पावलांवर, आणि वडिलांनी डाव्या हातानं टाकायचं. पार्किंगमध्ये गाड्या परतायची वेळ टाळायची.

एक नियम मात्र मुद्दाम बदलला. एरवी चेंडू लागला की गडी बाद. म्हणजे जो सर्वांत हळू, तोच सर्वांत जास्त वेळ कडेला बसून राहतो. घरच्या खेळात हेच मारक ठरतं. त्यामुळे बाद करायचं नाही: चेंडू लागला की रेघेपर्यंत पळत जाऊन, ती शिवून परत यायचं. चेंडू कमरेखालीच मारायचा. लगोरी जमिनीवर न ठेवता स्टुलावर मांडायची, म्हणजे आजींना वाकावं लागत नाही. त्या शेजारी खुर्चीवर बसतात आणि लगोरी फुटली की उठून रचायला मदत करतात. त्यांना कुणी चेंडू मारायचा नाही. जमेल तेव्हा हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठायचं. त्यानं मांड्यांचे स्नायू बळकट होतात आणि गुडघ्यांना आधार मिळतो. दुसऱ्या दिवशीही दुखणं उरलं तर पुढच्या वेळी उठणं निम्मं करायचं. सूज आली, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर खेळ थांबवून डॉक्टरांकडे जायचं.

बुधवार मुलीचा. नवरात्रापुरता बाहेर काढायचा गरबा आठवड्यातून एकदा घरात आला. आधी बे ताळी (दोन टाळ्यांचा गरबा), जमली की त्रण ताळी (तीन टाळ्यांचा). गाणी तिच्या पसंतीची, शिकवणारी ती आणि चुकणारे बाबा. पंधरा मिनिटं पुरतात. सिमेंटवर अनवाणी नाचू नये, आणि वळताना पाय जमिनीला चिकटलेला ठेवून अंग फिरवू नये. पाऊल उचलूनच वळावं, नाहीतर पीळ थेट गुडघ्याला बसतो. वेग बरोबर आहे का, हे ओळखायला घड्याळ नको: बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढी धाप लागली की झालं.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं आणि मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सुचवते. हा आकडा ऐकून पालक घाबरतात. पण शाळेतली मधली सुट्टी, सायकल, जिने हे सगळं त्यात धरलं जातं. संध्याकाळच्या खेळानं त्यात वीस-पंचवीस मिनिटं घातली तरी खूप झालं.

रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, कमाटी बाग. १८७९ मध्ये सयाजीरावांनी उभारलेली ही बाग अशा कुटुंबासाठी उत्तम आहे, कारण तिथे रुंद वाटा आहेत आणि सावली आहे. आजी एका बाकापासून पुढच्या बाकापर्यंत चालतात आणि बसतात. तेवढ्या वेळात मुलं पुढच्या बाकापर्यंत पळत जाऊन परत येतात, प्रत्येक खेपेला गळून पडलेलं एक वेगळं पान आजींच्या हातात देतात. ते कुठल्या झाडाचं हे आजी सांगतात. वाट एकच असली तरी मुलांचं अंतर आजींच्या तिप्पट होतं आणि कुणालाच थांबून राहावं लागत नाही.

वडिलांच्या रात्रपाळीच्या आठवड्यात खेळ बंद पडायचा. त्यावर नियम केला: दोघं असले की खेळ सुरू. पाचही जण जमायची अट घातली की महिन्यात चार दिवसही मिळत नाहीत. पावसात घरातच फुगा हवेत ठेवायचा. आजी खुर्चीवरून, बाकीचे उभ्यानं, आणि फुगा जमिनीला लागला की सगळ्यांनी पाच उठाबशा. आजींनी त्याऐवजी टाळ्या वाजवायच्या.

दोन महिन्यांनी आई विचारत होत्या, मुलगी आता बरी पळते, तिला शाळेच्या खो-खोच्या चमूत घालू का? त्यांना सध्या नको म्हणून सांगितलं. तिनं स्वतःहून विचारलं तर जरूर घाला, तोवर बुधवारचा गरबा तिच्याच हातात राहू द्या.