परदेशी विद्यापीठांबरोबरच्या पर्यावरण आणि अन्नसुरक्षेच्या प्रकल्पांचा आपल्या शेतीला खरंच उपयोग होतो का? एम.एस्सी. ॲग्री झाल्यावर त्यात जावं का?

उपयोग होतो आणि जावं, हे आधीच सांगून टाकते. पण प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय की ‘आमचे सर म्हणतात, अशा प्रकल्पांत आपले लोक नुसते नमुने वाहणारे हमाल असतात’, ते वाचून राहवलं नाही. त्या हमालांपैकी मी एक. इंदूरच्या एका मृदा प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली. संस्थेचं नाव विचारू नका, पेन्शन चालू आहे.

उपयोगाचं म्हणाल तर पावसाळ्यात माळव्यातल्या कुठल्याही बांधावर उभे राहा, समोर सोयाबीन दिसेल. आमच्या सासऱ्यांच्या तरुणपणी हीच काळी जमीन खरिपात पड असायची. पाऊस लागला की औत घालायची सोय नाही. ओल मुरवायची आणि रब्बीत गहू-हरभरा घ्यायचा. काळ्या दाण्याचं देशी सोयाबीन थोडंफार होतं, पण पिवळ्याचा पसारा सुरू झाला तो १९६० च्या दशकात जबलपूरचं कृषी विद्यापीठ आणि अमेरिकेतलं इलिनॉय विद्यापीठ एकत्र आल्यावर. पैसा यूएसएडचा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत देणाऱ्या संस्थेचा, ‘ब्रॅग’सारखे वाण तिकडचे, जमीन आपली. पुढे जबलपूरच्याच जेएस ३३५ या वाणानं माळवा व्यापला, आणि १९८७ मध्ये सोयाबीनचं राष्ट्रीय केंद्र इंदूरला आलं. आता सगळे एकाच पिकामागे लागल्यामुळे पिवळा मोझॅक हा विषाणूरोग आला की गावंच्या गावं रडतात, तेही त्याच भागीदारीच्या खात्यावर लिहा. माझ्या मते तरी जमेची बाजू जड आहे.

दुसरं उदाहरण भोपाळ रस्त्यावरचं. आष्टा ओलांडलं की सीहोरच्या अलीकडे अमलाहा लागतं, तिथे इकार्डाचं, म्हणजे कोरडवाहू शेतीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं, कडधान्यांचं संशोधन चालतं. या इकार्डाचं मुख्यालय सीरियात अलेप्पोजवळ होतं. यादवी पेटली, जागा सोडावी लागली, बियाण्यांची बँक हातातून गेली. पण त्याच बियांची जोडप्रत त्यांनी नॉर्वेत स्वालबार्डला जगभरच्या बियांची जी तिजोरी आहे, तिच्यात आधीच ठेवून दिली होती. २०१५ मध्ये ती परत मागवली. त्या तिजोरीतून कुणी बी बाहेर काढायची ती पहिलीच वेळ. लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरून बी वाढवलं आणि २०१७ मध्ये ताजं बी पुन्हा तिजोरीत नेऊन ठेवायला सुरुवात केली. ‘पर्यावरण सुरक्षा’ म्हणून परिसंवादात जे काय बोलतात, त्यातलं मला इतकंच पटलेलं आहे: जोडप्रत हवी, आणि ती कुठे आहे हे आपल्याला ठाऊक हवं.

आता माझं.

आमच्याकडे युरोपातल्या एका विद्यापीठाबरोबर प्रकल्प आला. काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून राहिलेला कार्बन, किती साठलाय, हवामान बदललं तर त्याचं काय होईल, आणि त्याचा गव्हाच्या उताऱ्याशी संबंध काय, असा विषय. सुरुवातीला आम्हालाच प्रशिक्षण. त्यांची पोरं हुशार, कष्टाळू, बोलायला गोड. त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रशिक्षण ठेवलं भर मे महिन्यात. मे महिन्यातली आमची माती तुम्हाला सांगायला नको, भेगांमध्ये मनगटापर्यंत हात जातो. ते स्टीलचं नळकांडं घेऊन ठोकताहेत, नळकांडं आत जाईना, गेलं तर ढेकूळ फुटून बाहेर. आमचे एक जुने फील्डमन होते, सगळे त्यांना काका म्हणत. ते बांधावर बसून बराच वेळ बघत होते. शेवटी मला म्हणाले, “ताई, यांना सांगा, पहिला पाऊस होऊन वाफसा येऊ द्या. आत्ता घेतलेलं खोटं निघेल.”

वाफसा म्हणजे माती ओलसर असते पण चिखल नसतो, ती वेळ. आणि खरंच खोटं निघालं असतं. कर्बाचा साठा काढायला टक्केवारी, खोली आणि मातीची घनता, तिन्ही लागतात. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. म्हणजे वाळलेल्या ढेकळाची घनता जास्त भरणार आणि बाजूच्या भेगेचा हिशेब कोणीच धरणार नाही. साठा फुगीर दिसणार. मी ते इंग्रजीत मोडकंतोडकं समजावलं, त्यांच्या प्रमुख बाईंना लगेच पटलं, आणि ठरलं की नमुने वाफशावर घ्यायचे आणि त्या वेळची ओल प्रत्येक पिशवीवर नोंदवायची.

दुसरी गोष्ट. एका शेताच्या एका कोपऱ्यात कर्ब शेजारच्यापेक्षा दुपटीच्या वर. संगणकावरचा मुलगा म्हणाला, चुकीचा आकडा आहे, गाळून टाकू. काकांनी बघितलं आणि म्हणाले, तिथे पूर्वी गोठा होता, शेजारीच उकिरडा. मग आम्ही सगळ्याच शेतांचा इतिहास विचारत फिरलो: कुठे शेणखत पडलं, कुठे नरवाई (कापणीनंतरची धसकटं) जाळली, कुठली जमीन पड होती. तो सगळा कागद माझ्या अक्षरात, देवनागरीत. पिशवीत एक चिठ्ठी आणि पिशवीवर एक, दोन्ही पेन्सिलीनं, कारण ओल्या मातीत पेनाची शाई पसरते.

निबंध छापून आला. चांगल्या नियतकालिकात. वाफशावर नमुने घेण्याचं कारण त्यात व्यवस्थित दिलेलं, शेतांच्या इतिहासाला वेगळा तक्ता. लेखकांची नावं त्यांची, वर आमच्या संचालकांचं, जे शेतावर एकदाही आले नाहीत. खाली आभारात ‘स्थानिक कर्मचारी’. काका तेव्हा निवृत्तीला आले होते. मी त्यांना ती ओळ वाचून दाखवली तर हसले आणि तंबाखू मळत बसले.

नावाचं एक वेळ सोडा. आम्ही शेतकऱ्यांना शब्द दिला होता की तुमच्या मातीचे आकडे तुम्हाला देऊ. प्रकल्प संपला, आकडे त्यांच्या सर्व्हरवर, आमचा पासवर्ड बंद. मी पत्रं लिहिली. उत्तर आलं की डेटाचं काम बघणारा मुलगा आता दुसरीकडे गेलाय. इकडे सांवेर बाजूचा एक म्हातारा शेतकरी बाजारच्या दिवशी आला की प्रयोगशाळेच्या दारात हजर: “बेनजी, म्हारी माटी को कंई हुयो?”

माझ्याकडे एकच गोष्ट होती. प्रत्येक नमुना वाटताना मी निम्मी माती बरणीत भरून कपाटात ठेवली होती, कोणी सांगितलं नव्हतं तरी. मग ऑफिस सुटल्यावर बसून पुन्हा काढलं सगळं, कर्ब मोजायच्या १९३४ सालच्या वॉक्ली-ब्लॅक पद्धतीनं. एक ग्रॅम माती, पोटॅशियम डायक्रोमेट, वर सल्फ्युरिक ॲसिड, अर्धा तास थांबायचं. मग पाणी, फॉस्फोरिक ॲसिड, डायफिनाइलअमाइनचे थेंब, आणि ब्युरेटमधून फेरस अमोनियम सल्फेट. जांभळट निळं पाणी एका थेंबात हिरवं होतं, तिथे तोटी बंद. तो थेंब ओळखायला माणसाची नजर लागते, मशीन नाही लागत. पदराला ॲसिडची भोकं पडली ती वेगळी. पण म्हाताऱ्याला आणि बाकीच्यांना ज्याचा त्याचा आकडा कागदावर लिहून दिला.

हे आमच्या धाकट्या दिरांना सांगितलं तर ते काय म्हणावेत? ते पुण्याला असतात, अमेरिकेतून पीएच.डी. करून आलेले. म्हणाले, “वहिनी, विज्ञान सगळ्यांचं असतं. डेटाला मालक नसतो. आणि नमुने काढणं म्हणजे काही संशोधन नव्हे.” तेव्हापासून दर गणपतीला आमचा हा वाद होतो आणि दर वेळी सासूबाई मोदक पुढे करून तो मोडतात. आज मोदक नाहीत, तेव्हा पूर्ण लिहिते.

भावजी, इंदुरातच याचं उत्तर आहे. १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शेतीशास्त्रज्ञ इथे आला, होळकर संस्थाननं दिलेल्या जमिनीवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री उभी राहिली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे आणि शहर चारी बाजूंनी त्याच्या अंगावर आलंय. कपाशीच्या पऱ्हाट्या शेतरस्त्यावर पसरायच्या, बैलगाड्यांच्या चाकांखाली चेचून घ्यायच्या, शेण, गोठ्यातली मुतानं भिजलेली माती, राख यांच्याबरोबर थर लावायचे, ठरावीक वेळी उलथायचे, तीनेक महिन्यांत खत. ती इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. १९३५ मध्ये गांधीजी इंदूरला आले तेव्हा संस्था बघून गेले आणि ‘हरिजन’मधून तिचा प्रचार केला. आणि १९३१ मध्ये या पद्धतीवर ऑक्सफर्डनं जे पुस्तक काढलं त्यावर दोन नावं आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड संस्थेत रसायनशास्त्राचं काम बघत. राणीच्या नाही तरी राजाच्या अमलातल्या गोऱ्या साहेबाला आपल्या प्रयोगशाळेतल्या माणसाचं नाव पुस्तकावर घालायला जड गेलं नाही. त्यातलं बरंचसं शहाणपण चीनच्या आणि आपल्या शेतकऱ्यांचं होतं, हेही तो मान्य करायचा. नंतर जगानं हॉवर्ड लक्षात ठेवला आणि वाडांना विसरलं. त्यात आपल्या इंदूरकर मराठी मंडळींचा वाटा मोठा. रामबागेत कोणाला वाड विचारून बघा.

तर तुमच्या प्रश्नाकडे. प्रकल्पात शिरताना स्टायपेंड किती हे सगळे विचारतात. तुम्ही करारनामा मागा आणि त्यात बघा: निबंधात नाव कशावर ठरणार, आकड्यांची पूर्ण प्रत भारतात कुठे राहणार, नमुन्यांची निम्मी माती कोणाकडे, आणि शेतकऱ्याला त्याचा आकडा कोण देणार. बियाण्यांचं बरं आहे, त्याला २००१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, आपला २००२ चा जैवविविधता कायदा आहे, आणि बी बाहेर धाडायचं तर दिल्लीच्या एनबीपीजीआर या वनस्पती-वाणांच्या राष्ट्रीय संस्थेमधून जावं लागतं. मातीच्या आकड्यांना असं कोणी वाली नाही. करारात लिहिलं तर आहे, नाही तर नाही. आणि पैसेवाला कायम राहील असंही धरू नका. ज्या यूएसएडनं आमच्याकडे सोयाबीन आणवलं ती संस्थाच २०२५ मध्ये अमेरिकेनं गुंडाळली.

कुठे जावं? लांब जायच्या आधी अमलाहा बघा, जबलपूरचं बोरलॉग इन्स्टिट्यूटचं शेत बघा, इंदूरचं गव्हाचं प्रादेशिक केंद्र बघा. माळव्याच्या कठिया (ड्युरम) गव्हावर तिथे १९५१ पासून काम चालू आहे. फेलोशिपचे फॉर्म कसे भरायचे ते दुसऱ्या कोणाला तरी विचारा.

एक राहिलं. सगळेच परदेशी गट असे नसतात. त्याच प्रमुख बाई पुढे दुसऱ्या कामासाठी भारतात आल्या तेव्हा त्यांनी आमच्या दोन मुलींना सहलेखक केलं, न मागता. आणि संचालकांचं नाव घालायची सवय तर पूर्ण आपली आहे, त्यात परदेशाचा काही हात नाही. शिवाय माझं हे सगळं माती-खतांचं. उपग्रहाच्या चित्रांवर किंवा पिकांच्या मॉडेलवर काम करणार असाल तर तिथले नियम निराळे असणार. संख्याशास्त्र मात्र इथूनच पक्कं करून जा. त्यात त्यांची पोरं खरंच आपल्या पुढे असतात.