यात बातमी कुठंय?

प्रश्न : ताई नमस्कार. पुण्यात आमची छोटी पीआर (म्हणजे जनसंपर्काची) एजन्सी आहे, ११ जणांची. सोमवारपासून कंटेंट हेड म्हणून एक सर येतायत, २२ वर्षं पेपरात काढलेले, आधी क्राइम मग महापालिका मग डेस्क, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पानात लावायचं काम. मी खूश आहे पण टीम टेन्शनमध्ये, कारण याच सरांनी मागं आमच्या एका मुलीची प्रेसनोट "यात बातमी कुठंय?" एवढंच विचारून परत पाठवली होती. केक, बुके, लिंक्डइनवर पोस्ट इथपर्यंत ठरलंय, अजून काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : केक आणा, केकला कोण नाही म्हणतंय. लिंक्डइनच्या पोस्टचा मसुदा मात्र आधी त्यांनाच दाखवा, ते अर्धा कापतील आणि टीमची पहिली शिकवणी तिथंच होऊन जाईल. त्यात "मीडियात दांडगा संपर्क" असलं काही लिहू नका हो. मी रिपोर्टिंग सोडून या धंद्यात आले तेव्हा पहिल्या दिवशी जेवायच्या सुट्टीआधीच माझ्याकडं तीन संपादकांचे नंबर मागून झाले होते, डबा उघडताना वाटलं की आपल्याला लिहायला नाही, टेलिफोन डिरेक्टरी म्हणून ठेवलंय. नंबर दोन वर्षांत शिळे होतात, माणसं बीट (बातम्यांचा विषय) बदलतात, पेपर बदलतात. "यात बातमी कुठंय" हे विचारायची सवय तेवढी शिळी होत नाही, आणि पगार तुम्ही त्या सवयीचा देताय.

आता तुमची एखादी जुनी नोट काढून बघा. समजा पंप बनवणारी कंपनी आहे. सुरुवात "कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की, क्षेत्रातील अग्रगण्य...", मग एमडी साहेबांचं कोट ज्यात ते भारावून गेलेत, आणि सहाव्या पॅरात कुठंतरी दडलेलं की नवा पंप तेवढंच पाणी कमी विजेत उपसतो. डेस्कवरचा माणूस तो सहावा पॅरा उचलून वर टाकणार, वीज नेमकी किती वाचते तो आकडा मागणार आणि आकडा नाही मिळाला तर नोट अडवून धरणार. मग क्लायंटचा फोन येईल, साहेबांचं नाव खाली का गेलं म्हणून. त्यावेळी तुम्ही "सर, जरा ॲडजस्ट करा ना" म्हणालात की संपलं, तिथून पुढं ते फक्त शुद्धलेखन तपासतील. नोट अडवायचा अधिकार त्यांचा, हे सोमवारच्या आधी लेखी देऊन टाका, यापेक्षा मोठा बुके नाही.

तसं बघितलं तर हा धंदा उभाच केला पेपरवाल्यांनी. आयव्ही ली हा न्यूयॉर्कचा रिपोर्टर, १९०६ मध्ये कोळसा खाणमालकांचं काम घेतल्यावर त्यानं पेपरांना कळवलं की आमचं काम उघड आहे, आणि आमचा मजकूर जाहिरात खात्यात जायच्या लायकीचा वाटला तर छापू नका. रेल्वे कंपनी अपघात झाकायची तर हा रिपोर्टरांना जागेवर घेऊन गेला. (पुढं १९३०च्या दशकात, हिटलरच्या काळात, जर्मन केमिकल कंपनीचं काम घेऊन नाव घालवलं ते वेगळं. तेव्हा क्लायंट घ्यायचा की नाही यातही सरांचं मत विचारत जा.)

त्यांनाही जड जाणारच. पेपरात रात्री पान सुटलं की विषय संपला, इथं "फायनल", "फायनल २", "फायनल फायनल" आणि तरी क्लायंटच्या पाचव्या माणसाचं अप्रूव्हल बाकी, वर बायलाइन, म्हणजे मजकुरावर स्वतःचं नाव, नाही. आणि कात्रणं मोजून त्याला जाहिरातीचा दर लावून "एवढ्या लाखांचं कव्हरेज" दाखवायची पद्धत तुमच्याकडं असेल तर ती ते येण्याआधीच बंद करा, २०१० मध्ये बार्सिलोनाला पीआरवाल्यांनीच ठरवलंय की ही पीआरची किंमत नव्हे.

आणि ती नोट परत आलेली मुलगी आहे ना, तिचं टेबल सरांच्या शेजारी लावा.

प्रश्न : मी १४ वर्षांनी रिपोर्टिंग सोडून पीआरमध्ये गेलो. जुने दोस्त "विकला गेलास" म्हणतात. ६ जानेवारीला पत्रकार दिनाच्या कार्यक्रमाला जावं का?
– नाशिकचा एकजण

उत्तर : जा की. 'दर्पण' १८३२ला त्या तारखेला निघालं, बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घालायला प्रेसकार्ड लागत नाही. दोस्त चिडवतीलच, चिडवू द्या, त्यातले दोघं तरी चहाच्या वेळी बाजूला घेऊन तुमच्याकडं जागा आहे का विचारतील. फक्त क्लायंटची बॅग वाटत फिरू नका, आणि जायच्या आधी गाडीवरचं 'प्रेस'चं स्टिकर खरवडून काढा.