पिवळ्या पिशवीत हायपो ओतू नका

ताई, कचरा नेणारा गाडीवाला तुमच्या दहा खाटांच्या दवाखान्यातल्या वैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या ‘ओल्या आहेत, वास येतो’ म्हणून ठेवून जातो आणि वास मारायला तुम्ही त्यात आणखी हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, जंतुनाशक द्रव) ओतताय. आमची चूक नेमकी हीच होती. एका कार्यालयात तोंडी सांगितलं गेलं, ‘सगळ्यावर हायपो टाका आणि द्या.’ लेखी मागितलं तर कुणी देईना. पुढे तपासणीत तोच दोष आमच्या नावावर लागला.

कोणत्या रंगात काय टाकायचं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. पण पिवळी पिशवी भट्टीत जाते, हे मावशींनाही समजावून सांगा. वैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे जाळायच्या कचऱ्यावर आधी रासायनिक प्रक्रिया करायची नाही; सूट फक्त लॅबच्या आणि अतिसंसर्गजन्य कचऱ्याला. हायपोत क्लोरीन असतो आणि तो भट्टीत गेला की डायॉक्सिन हे विषारी रसायन तयार होण्याचा धोका असतो. सलाईनचा पीव्हीसी (क्लोरीन असलेल्या प्लास्टिकचा) सेट पिवळ्यात चालत नाही, तोही याच कारणाने. शिवाय ओला कापूस नीट जळत नाही, पिशवी गळते, बारकोड सुटतो.

वासावर उपाय हायपो नव्हे, कोरडेपणा. अर्धवट सलाईनची बाटली आधी रिकामी करा, मग लाल पिशवीत टाका. सक्शन जारमधला (रुग्णाच्या शरीरातून ओढून काढलेला) द्रव वेगळा ठेवून त्यावर हायपोची प्रक्रिया करा आणि मगच नाल्यात सोडा. ड्रेसिंगच्या कापसावर तो कधीही ओतू नका. पिशवी पाऊण भरली की गाठ मारा. बारकोड कोरड्या हाताने लावा.

हायपोची खरी जागा म्हणजे हा द्रव आणि फरशीवर सांडलेलं रक्त. कॅन १०% चा असेल तर एक भाग हायपोला नऊ भाग पाणी, ५% चा असेल तर चार भाग. दोन्हींत १% द्रावण मिळतं. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात खिडकीशी ठेवलेल्या कॅनमधल्या हायपोची ताकद झपाट्याने उतरते, मग मापं बरोबर असूनही काम होत नाही. लहान कॅन घ्या, उघडल्याची तारीख लिहा, द्रावण रोज नवं करा, बादली प्लास्टिकची वापरा. संडास धुण्याच्या ॲसिडजवळ तर अजिबात नको, विषारी वायू होतो. लॅबचा कचरा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करणार असाल तर त्यातही हायपो नको.

माझ्या मते सगळ्यात गंभीर चूक म्हणजे पिवळ्या पिशवीत गेलेली सुई. गाडीवरच्या माणसाच्या हाताला ती टोचते. सुईला टोपण परत लावू नका. ती थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात गेली पाहिजे. टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका आणि लगेच सिव्हिल गाठा: एचआयव्हीविरोधी औषध शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हावं लागतं. मावशींना हिपॅटायटिस-बीची लस दिली नसेल तर याच आठवड्यात द्या.

हे सगळं लहान दवाखान्यापुरतं. ऑपरेशन थिएटर किंवा केमोथेरपी असेल तर आणखी नियम लागतात, तेव्हा परवान्यातल्या अटी एकदा वाचाच.

गाडी चुकली तर मात्र गप्प बसू नका. पिवळा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवावा लागला तर कारणासह प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवणं तुमचं काम आहे. त्याच दिवशी ईमेल करा, गाडी न आल्याची नोंद वहीत घ्या आणि फोनवर मिळालेलं उत्तर उत्तर धरू नका.