फ्रीजरमध्ये बर्फ, पण खाली दूध नासतंय?

मेकॅनिक आल्या आल्या 'गॅस संपलाय' म्हणाला, तर लगेच पैसे काढू नका. फ्रिजमधला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा रोज संपत नाही. नळ्या बंद असतात. गळती झाली तरच तो कमी होतो, आणि मग गळती कुठे आहे ते आधी शोधायला हवं. नुसता गॅस भरला तर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच.

तुमचा फ्रिज दोन दारांचा, फ्रॉस्ट-फ्री (म्हणजे आतला बर्फ आपोआप वितळवणारा) आहे असं धरू. वर थंड आणि खाली गरम, म्हणजे बहुतेक वेळा थंड हवेची वाट बर्फाने बुजलेली असते. आतला पंखा ऐकू येतो का ते बघा. सामान काढून प्लग काढा, दारं उघडी ठेवून 24 तास तसाच राहू द्या. खाली जुनी चादर अंथरा, पाणी बरंच येतं. त्यानंतर आठवडाभर नीट चालून पुन्हा बिघडला, तर डिफ्रॉस्ट हीटर (आतला बर्फ वितळवणारा) किंवा त्याचा सेन्सर तपासायला सांगा.

बर्फ सुरीने खरवडू नका. मी एकदा खरवडला, नळीला भोक पडलं, आणि गॅस खरंच गेला!

दाराचं रबरही बघा. कागद दारात अडकवून ओढा. सहज निघाला तर गॅस्केट सैल आहे. कधीकधी ते नुसतं चिकट झालेलं असतं, कोमट साबणाच्या पाण्याने पुसलं की भागतं. आणि गरम वरणाचं पातेलं थेट आत ठेवणं बंद करा, घरातल्यांनाही सांगा.